सतरा वर्षांनी दारात उभा राहिलेला नवरा

‘पीओडब्ल्यू – बंदी युद्ध के’ ही निखिल अडवाणींची मालिका नोव्हेंबर २०१६ मध्ये स्टार प्लसवर सुरू झाली, तेव्हा पुण्यात आमच्या वानवडीत ती बऱ्याच घरांत लागायची. आमच्या सोसायटीत दर चार घरांमागे कोणीतरी फौजेतून निवृत्त झालेलं. शेजारचे सुभेदारकाका मालिका बघायचे कमी आणि गणवेशातल्या चुकाच जास्त काढायचे. कारगिलमध्ये पकडलेले सरताज आणि इमान सतरा वर्षांनी सुटून येतात आणि आपलेच अधिकारी त्यांच्याकडे संशयाने बघू लागतात, तिथे मात्र काका एवढंच म्हणाले, “हे बरोबर दाखवलंय.”

मूळ मालिका इस्रायलची, २०१० मधली. नाव ‘हतुफिम’, म्हणजे पळवून नेलेले; दिग्दर्शक गिडिऑन राफ. त्या देशात हा विषय घरोघरचा होता. १९८६ मध्ये लेबनॉनमध्ये पकडला गेलेला हवाई दलाचा अधिकारी रॉन अराद परतलाच नव्हता आणि २००६ मध्ये पळवलेला सैनिक गिलाद शालित मालिका चालू असताना अजून कैदेतच होता. पुढे २०११ मध्ये याच मालिकेवरून अमेरिकेत ‘होमलँड’ निघाली आणि गाजली. पण तिने गोष्ट उचलून हेरखात्याच्या दारात नेऊन ठेवली. मूळ मालिकेतले दोघे चौकशीच्या वेळी बोटांनी टकटक करून एकमेकांशी बोलतात. कैदेत लागलेली सवय. बोटांची हालचाल अमेरिकेनेही ठेवली, पण तिच्यातली जवळीक त्या धावपळीत हरवली, असं माझं मत.

पुण्याला युद्धकैदी म्हटलं की आठवतात ते हवाई दलाचे वैमानिक दिलीप पारुलकर. १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात त्यांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोहोचले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला तरी सुटकेचं नाव नाही. मग ऑगस्टमध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह ते भिंत फोडून निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली असताना तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. नकाशावर ते होतं, पण गाडी १९३२ पासून बंद. चाळीस वर्षं बंद पडलेल्या स्टेशनला जायला निघालेले हे कोण, म्हणून लोकांना संशय आला आणि तिघेही सापडले. डिसेंबर १९७२ मध्ये इतर कैद्यांबरोबर ते वाघ्यावरून परत आले. निवृत्तीनंतर पारुलकर पुण्यातच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले. ही गोष्ट आपण रंगवून सांगतो ती पळून जाण्याची. परत आल्यावर पुढे काय, हे आपण फारसं विचारत नाही.

त्याच युद्धातल्या ५४ बेपत्ता जणांच्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. २००७ मध्ये इतर कुटुंबीयांबरोबर त्या पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोधायला जाऊन आल्या. रिकाम्या हाताने. आमच्याकडे असे कैदीच नाहीत, हे पाकिस्तानचं उत्तर आजही तेच आहे.

आणि मालिकेच्या सगळ्यात जवळ जाणारी खरी हकिकत कारगिलचीच. उत्तर प्रदेशातल्या मोहम्मद आरिफचं लग्न होऊन जेमतेम काही दिवस झाले असताना त्याला आघाडीवर बोलावलं. तिथे तो गायब झाला आणि लष्कराने त्याला पळपुटा ठरवलं. तो पाकिस्तानच्या कैदेत असल्याचं नंतर कळलं, पण घरच्यांनी वाट पाहून त्याच्या बायकोचं, गुडियाचं, दुसरं लग्न लावून दिलं होतं. ऑगस्ट २००४ मध्ये आरिफ परतला तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. तिने कोणाकडे राहायचं, याचा खल एका वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत, थेट प्रक्षेपणात झाला. दोन्हीकडची माणसं, मौलवी, गावचे लोक आणि मधे ती. गुडिया आरिफकडे गेली, मुलगा झाला आणि जानेवारी २००६ मध्ये दिल्लीत उपचार चालू असताना ती वारली.

‘हतुफिम’मध्ये परतलेल्या एकाच्या प्रेयसीने त्याच्याच भावाशी लग्न केलेलं असतं. आपल्या मालिकेत इमानची नाजनीनही त्याच्या भावाची बायको झालेली. “असं कुठे होतं का?” असं आमच्या घरात कोणीतरी म्हणालं. सुभेदारकाकांनी टीव्हीवरची नजर न काढता आरिफचं नाव घेतलं.