काव्यटीकांतील वेदपठणाचे संदर्भ

संस्कृत महाकाव्यांवरील टीकांत वेदवचनांचे आणि वेदपठणाच्या रीतींचे जे त्रोटक उल्लेख येतात, त्यांचे मूळ शोधण्याची अभ्यासपद्धती. टीकाकार बहुधा ‘इति श्रुतेः’ (‘असे वेदवचन आहे’) एवढेच लिहून पुढे जातो. वेदाची शाखा, कांड, अनुवाक (ग्रंथातले विभाग) सांगत नाही. त्याच्या वाचकाला ते मुखोद्गत असे.

वचनाचे शब्द हाती असले, तर वाट सोपी असते. मॉरिस ब्लूमफील्ड यांची मंत्रसूची (१९०६) आणि होशियारपूरचा वैदिक पदानुक्रमकोश ही त्यासाठीची मुख्य साधने. टीकाकार स्मरणातून उद्धृत करतो, त्यामुळे एखादा शब्द बदललेला असू शकतो. म्हणून वचनाच्या आरंभापेक्षा त्यातला दुर्मीळ शब्द धरून शोधावे.

खरी कसोटी लागते ती कवी मंत्र न सांगता पठणच दाखवतो तेव्हा. ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात वेदवाणीचे उच्चारण ‘न्यायैस्त्रिभिः’ (तीन न्यायांनी) होते असे म्हटले आहे. इथे ‘न्याय’ म्हणजे तर्क नव्हे. टीकाकार मल्लिनाथ उदात्त (उंच), अनुदात्त (खालचा) आणि स्वरित (दोहोंचा मिलाफ) हे तीन स्वर सांगतो. शब्दसूचीत हे सापडणार नाही. त्यासाठी शिक्षाग्रंथच, म्हणजे वेदोच्चाराचे नियम सांगणारे ग्रंथच उघडावे लागतात.

माघाच्या ‘शिशुपालवधा’चा चौदावा सर्ग या दृष्टीने फार मोलाचा आहे. युधिष्ठिराच्या राजसूयात सामगायक ‘सप्तभेदकरकल्पितस्वरं साम’, म्हणजे सात प्रकारचे स्वर हाताने दाखवलेले साम, गातात. यातला ‘कर’ म्हणजे हात. गायक गळ्याने सूर लावतो, तेव्हाच तो हाताच्या बोटांवर दाखवतो. नारदीय शिक्षेनुसार सामगानातल्या सात स्वरांपैकी ‘क्रुष्ट’ अंगठ्याच्या अग्रावर, ‘प्रथम’ अंगठ्यावर आणि पुढचे स्वर बाकीच्या बोटांवर येतात. सामगान प्रत्यक्ष पाहिलेल्याला हा समास सहज उलगडतो.

त्याच सर्गात पुढे दिसायला सारख्या समासांचा विग्रह याज्ञिक स्वरावरून ठरवतात. इथे त्वष्ट्याची कथा आठवते. इंद्राला मारणारा वृत्र वाढावा म्हणून त्याने आहुती देताना ‘इन्द्रशत्रु, वाढ’ असे म्हटले. ‘इन्द्रशत्रु’ अंतोदात्त (शेवटचे अक्षर उदात्त) म्हटला तर ‘इंद्राला मारणारा’, आद्युदात्त (पहिले अक्षर उदात्त) म्हटला तर ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’. स्वर चुकला आणि वृत्रच मारला गेला. पाणिनीय शिक्षेतल्या ‘मन्त्रो हीनः’ (सदोष मंत्र) या श्लोकात हाच दाखला आहे. काव्याच्या पोथ्यांत स्वरचिन्हे नसतात, म्हणून शेवटी तैत्तिरीय संहितेचा स्वरांकित पाठच (२.४.१२) पाहावा लागतो. तिथे ‘स्वाहेन्द्र॑शत्रुः’ असे छापलेले असते. उदात्ताला स्वतःचे चिन्ह नाही; ‘न्द्र’वरची उभी रेघ त्याच्या आधीचे ‘हे’ हे अक्षर उदात्त असल्याचे सांगते. ‘इन्द्र’चा ‘इ’ त्यातच मिसळला आहे, म्हणजे शब्द आद्युदात्त.