पुरात बुडालेली भिंत वाळवायची कशी?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत नदी त्याच्या बरीच वर गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये तर ५७ फुटांच्याही वर. हवेचं तापमान एका अंश सेल्सिअसने वाढलं की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते सह्याद्रीवर थोड्या वेळात कोसळतं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. तेव्हा पूररेषेतल्या घराने पुन्हा पाणी येणार हे धरूनच राहायला हवं.

इथलं पाणी हळू चढतं आणि हळूच उतरतं. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळते. वारणा सांगलीच्या खाली हरिपूरला मिळते आणि ती भरलेली असली की कृष्णा मागे तुंबते. असं दिवसेंदिवस उभं राहणारं पाणी दारं-खिडक्या बंद करून बाहेर अडवणं धोक्याचं आहे. बाहेर १ मीटर पाणी आणि आत कोरडं असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन रेटा बसतो; २ मीटरला तोच २ टन होतो. नऊ इंची विटांची भिंत वरचं वजन पेलते, आडवा रेटा तिला झेपत नाही. दोन फुटांपर्यंत दाराला फळी आणि वाळूची पोती ठीक. पाणी त्याहून चढणार असं दिसलं की मेन स्विच बंद करा, सामान वर न्या, दारं उघडी ठेवा आणि घराबाहेर पडा. आत-बाहेर सारखं पाणी असलं की भिंतीवरचा रेटा उरत नाही.

जमिनीखालची पाण्याची टाकी मात्र पूर येण्याआधी काठोकाठ भरून ठेवायची. ५,००० लिटरची रिकामी प्लास्टिकची टाकी भिजलेल्या मातीत जवळपास ५ टन जोराने वर उचलली जाते, फरशी फोडून वर येते. संडासाच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर मैला उलटा घरात येत नाही. पण त्याच्या झडपेत चिंधी अडकली की तो उघडाच राहतो, म्हणून दर मे महिन्यात उघडून साफ करायचा.

वायरिंग स्लॅबकडून खाली आणा. मीटर आणि मुख्य बोर्ड २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर घ्या, तळमजल्याला वेगळी एमसीबी (बिघाड झाला की आपोआप लाइन तोडणारा स्विच) द्या. बुडालेली एमसीबी आणि सॉकेट वाळवून परत वापरू नका. आत गाळाचा थर राहतो आणि त्यातून करंट सरकतो. वायरिंगच्या पाइपमधलं पाणी काढून मेगरने (वायरच्या आवरणातून करंट गळतो का ते मोजणारं यंत्र) तपासणी केल्याशिवाय लाइन चालू करू नये.

आता भिंत. सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. एका विटेचं वजन सुमारे ३ किलो, आणि चांगली वीटही अर्धा लिटरपर्यंत पाणी पिते. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंच जाड भिंतीत हजारभर विटा असतात. ती पूर्ण बुडाली तर तिच्यात जवळपास ५०० लिटर पाणी साठतं. हे सगळं पाणी पृष्ठभागावरूनच उडून जायचं असतं. वाळण्याचा ढोबळ हिशोब इंचाला एक महिना. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर नऊ इंचांना चार-साडेचार महिने. त्यातही ऑगस्ट-सप्टेंबरची हवा स्वतःच ओली, खरी वाळवण ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होते. २०१९ मध्ये पुरानंतर महिन्याभरातच गणपती होते. सणाला घर स्वच्छ दिसावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण अशा भिंतीवर पुट्टी आणि ऑइलपेंट लावला की पाणी आतच कोंडतं. काही महिन्यांत रंगाला फोड येतात, खाली पांढरा भुरभुरा खार दिसतो. पाण्यात विरघळलेले क्षार बाहेर येताना स्फटिक होतात, फुगतात आणि गिलावा ढकलून पाडतात.

म्हणून सुटलेला, पोकळ वाजणारा गिलावा पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढून वीट उघडी करा. केशाकर्षणाने, म्हणजे विटेतल्या बारीक छिद्रांतून पाणी वर ओढलं गेल्याने, ओल तितकी वर चढलेली असते. खार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो विरघळून परत भिंतीत जातो. नवा गिलावा १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू असा घ्या. निव्वळ सिमेंटच्या कडक गिलाव्यापेक्षा तो जास्त ओल बाहेर सोडतो. वर चुन्याची सफेदी. वॉटरप्रूफ लेप किंवा टाइल्स दोन्ही बाजूंनी नकोत, एक बाजू मोकळी राहू द्या.

नव्या गिलाव्याला हात घालण्याआधी उघड्या भिंतीच्या खालच्या भागावर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांना टेप मारून चिकटवा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर अजून थांबा आणि पंधरा दिवसांनी परत बघा.