मुंबईचा पंखा नाशिकला जड का पडतो?

गंगापूर धरणावर बोटीत बसलं की सगळे इंजिन किती एचपीचं ते विचारतात, पंख्याचं कोणी विचारत नाही. मला तर पंखा म्हणजे प्रोपेलरच आधी बघावासा वाटतो, इंजिनाची ताकद बोट ढकलण्यात जाणार की नुसतं पाणी घुसळण्यात, हे तोच ठरवतो.

पंख्यावर दोन आकडे असतात, समजा 13 आणि 15. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच काय ते सातपूर-अंबडला लेथवर काम करणाऱ्यांना सांगायलाच नको, बोल्ट एका फेरीत आट्यांवरून जेवढा पुढे सरकतो तेवढा पिच, तसाच 15 पिचचा पंखा एका फेरीत 15 इंच पुढे जायला पाहिजे. मिनिटाला 2500 फेऱ्या धरल्या तर ताशी 57 किमी झाले. पण पाणी काही नट नाही, ते मागे सरकतं, म्हणून त्यातले 10-20 टक्के कमी होतात, याला स्लिप म्हणतात. हा दोष नाही बरं का, पाणी मागे गेलं तरच बोट पुढे जाते.

मग मोठा पिच लावला की स्पीड वाढेल? इंजिनाला तो फिरवता आला तर! नाहीतर कसारा घाट टॉप गिअरमध्ये चढवल्यासारखं होतं, आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, चढतच नाहीत आणि इंजिन आतून झिजतं. त्यात नाशिक समुद्रापासून जवळपास 600 मीटर उंच, हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनाची साधारण 6 टक्के ताकद इथेच जाते, त्यामुळे मुंबईला मस्त चालणारी बोट तशीच इथे आणली तर तोच पंखा जड पडू शकतो. एक इंच पिच कमी केला की आरपीएम साधारण 150-200 ने वाढतो.

दुसरी भानगड कॅव्हिटेशनची. पातं फार जोरात फिरलं की त्याच्या एका बाजूला दाब इतका पडतो की थंड पाणीसुद्धा तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूला खड्डे पाडतात. वाफेचं टर्बाइन बनवणाऱ्या चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया बोटीला सुरुवातीला वेग येईना तो यामुळेच, शेवटी एका शाफ्टऐवजी (पंखा फिरवणारा दांडा) तीन शाफ्ट आणि त्यांवर मिळून 9 पंखे बसवले तेव्हा 1897 मध्ये ती 34 नॉट म्हणजे ताशी 63 किमीने पळाली.

पात्याची कड दगडाला लागून वाकली तरी हे बुडबुडे लवकर सुरू होतात, म्हणून बोट बाहेर काढली की इंजिन बंद करून, किल्ली काढून पात्याच्या कडेवरून हाताचं बोट फिरवून बघा, खाच लगेच हाताला लागते.