तिसऱ्यांतली वाळू निघते, विष निघत नाही

तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले, बाजारातून आणल्या की गोव्यात त्या आधी मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात. तासाभराने भांड्याच्या तळाशी वाळू बसते, आणि मग विळीवर एकेक तिसरी उघडायची. वाळू गेली म्हणजे तिसरी स्वच्छ झाली, असा आपला समज. पण तिने पोटात घेतलेले सगळेच असे बाहेर पडत नाही.

शिंपला म्हणजे जिवंत गाळणी. शिणाणा हाही शिंपलाच; मोठा शिणाणा तासाला लिटरभराहून जास्त पाणी गाळतो आणि त्यातली एकपेशीय सूक्ष्म शैवाले खातो. त्यांच्या हजारो जातींपैकी विषारी मोजक्याच. अलेक्झांड्रियम गटातल्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन हे विष बनवतात. शिंपल्याला त्याचा फारसा त्रास नाही. विष त्याच्या मांसात साठत जाते. खाणाऱ्याचे मात्र अर्ध्या-एक तासात ओठ झिणझिणू लागतात, मग जीभ, मग बोटे. मात्रा जास्त असेल तर श्वास घेणारे स्नायूच लुळे पडतात.

चेतापेशीच्या आवरणात सोडियमचे कण आत शिरण्याची चिमुकली दारे असतात. ती उघडली की निरोप पुढे सरकतो. सॅक्सिटॉक्सिनचा रेणू या दारात बुचासारखा अडकतो. त्यावर उतारा नाही; शरीर ते लघवीवाटे टाकून देईपर्यंत कृत्रिम श्वास देत रुग्णाला सांभाळायचे. उकळा, तळा, सोलां घालून सुके करा, हे विष मोडत नाही. चवही बदलत नाही. केरळात विझिंजमला १९९७ साली शिणाणे खाऊन ७ जण दगावले. किलोभर मांसात ०.८ मिलीग्राम ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, म्हणजे साखरेच्या एक-दोन दाण्यांएवढे वजन.

समुद्र तांबडा दिसला की लोक घाबरतात. पण किनाऱ्यावर रात्री निळे चमकणारे नॉक्टिलुका हे सूक्ष्मजीव पाणी लाल करते आणि सॅक्सिटॉक्सिन बनवत नाही. उलट पाणी नितळ दिसत असतानाही शिंपल्यात विष असू शकते. डोळ्यांवर विसंबून चालत नाही, मांसच तपासावे लागते. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे, प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे, जाणकार आपल्या दारात आहेत. तिसऱ्या-शिणाण्यांची नियमित तपासणी बाजारात येण्याआधीच व्हावी, असे मला अगदी कळकळीने वाटते.

सूक्ष्म शैवालांची दुसरी बाजू पाहायला मिठागरात जावे. पाणी आटून दाट झाले की त्यावर कधी लालसर झाक चढते. ती मीठ मानवणाऱ्या इतर सूक्ष्मजीवांची असते, तशीच ड्युनालिएला सलिना या शैवालाचीही. कडक ऊन आणि खारटपणा सोसायला ते बीटा-कॅरोटीन साठवते, कधी सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. गाजराला रंग देणारे द्रव्य ते हेच. बाहेरचे मीठ पेशीतले पाणी ओढून नेऊ नये म्हणून ते आत ग्लिसरॉल भरून ठेवते.

आणि सॅक्सिटॉक्सिनचाच सख्खा भाऊ, नियोसॅक्सिटॉक्सिन, भूल देण्यासाठी माणसांवर तपासून झाला आहे. शस्त्रक्रियेच्या जागी अगदी थोडा टोचला की तिथली सोडियमची दारे तासन् तास बंद राहतात, आणि दुखल्याचा निरोप मेंदूकडे निघतच नाही.