दोनशे मीटरची धाव आणि हवाई दलाचा टँकर

पुण्याजवळच्या लोहगाव हवाईतळाची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. तिथे उतरताना सुखोई-३० चा वैमानिक शेवटच्या क्षणी नाक थोडं वर घेतो, चाकं हलकेच टेकवतो, मागे पॅराशूट उघडतं आणि मग ब्रेक लागतात. विमाननगर-वाघोलीकरांना हे रोजचंच. ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू नौकेची अख्खी लांबी मात्र २६२ मीटर, आणि उतरायची तिरकी पट्टी त्याहूनही तोकडी.

डेकवर नाक उचलून चालत नाही. उचललं की विमान तरंगत पुढे सरकतं आणि शेपटीखालचा हुक विमान अडवायला डेकवर आडव्या ताणलेल्या तिन्ही तारा चुकवून जातो. म्हणून साधारण साडेतीन अंशांचा उतार धरून विमान सरळ आदळवायचं. चाकं टेकली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारी मूठ, मागे नाही, पुढे! हुक अडकलाच नाही, तर डेक संपायच्या आत पुन्हा उडता आलं पाहिजे.

हिशेब करून पाहू. विमानाचा वेग सेकंदाला ६७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २४० किलोमीटर. नौका त्याच दिशेला सेकंदाला १० मीटरने पुढे जातेय, तेव्हा डेकच्या मानाने वेग उरला ५७. एवढा वेग ९० मीटरमध्ये शून्यावर आणायचा, तर सव्वातीन सेकंद मिळतात आणि १५ टनांच्या विमानाच्या हुकावर सुमारे २८ टनांचा ओढा येतो. तो ओढा झेलते डेकखालची हायड्रॉलिक यंत्रणा, आणि ती प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे लावावी लागते. सैल लागली तर विमान पुढे निसटतं. घट्ट लागली तर हुक किंवा तार तुटते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या ‘आयझेनहॉवर’ नौकेवर या यंत्रणेच्या देखभालीतले काही टप्पे राहून गेले, तार तुटली आणि ८ नौसैनिक जखमी झाले. ते विमान डेकच्या कडेवरून खाली गेलं आणि पाण्यावरून कसंबसं वर चढलं.

उड्डाणाची अडचण वेगळी. आपल्या नौकांवर कॅटापल्ट, म्हणजे विमान पुढे फेकणारं यंत्र, नाही. पुढे १४ अंशांचा चढ आहे. चाकांपुढे अडसर लावून इंजिन पूर्ण आफ्टरबर्नरवर, म्हणजे मागे जादा इंधन जाळून मिळणाऱ्या कमाल जोरावर, आणायचं, अडसर खाली पडला की २०० मीटरच्या आसपास धाव घ्यायची. चढाच्या टोकाशी विमानाकडे उडण्यापुरता पुरेसा वेग नसतोच. चढ त्याला वर फेकतो आणि वेग वाढवायला काही सेकंद मिळवून देतो. त्यामुळे वजनावर बंधन येतं: क्षेपणास्त्रं जास्त घेतली, तर टाकी अर्धवट ठेवून निघावं लागतं.

उरलेलं इंधन हवेत भरायचं. मोठा टँकर, म्हणजे उडत उडत दुसऱ्या विमानांना इंधन देणारं आयएल-७८ विमान, हवाई दलाकडे आहे. इथे आपलं नशीब चांगलं. सुखोई, नौदलाचं मिग-२९के, रफाल या सगळ्यांना टँकरच्या नळीच्या टोपलीत खुपसायची दांडी आहे. अमेरिकेत हवाई दलाची विमानं टँकरच्या कडक दांड्यातून इंधन घेतात, नौदलाची नळीतून. जुन्या केसी-१३५ च्या दांड्याला नौदलासाठी नळी जोडली, की तो दांडा त्या फेरीत हवाई दलाच्या विमानांना निरुपयोगी ठरतो.

तरी नळी जुळणं हा सोपा भाग. लपून राहण्यासाठी नौका रडार आणि रेडिओ बंद ठेवते, शिवाय जागाही बदलत असते; म्हणून टँकरची भेट कुठे, किती वाजता, किती उंचीवर हे निघण्याआधीच ठरलेलं हवं. शत्रू-मित्र ओळखणाऱ्या यंत्रांत दोन्ही दलांचे कोड एकच हवेत. खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षं एकत्र शिकतात, ओळखी होतात. पण ओळखीने कोड जुळत नाहीत. हवाई दलाची ‘आयएसीसीएस’, नौदलाची ‘त्रिगुण’ आणि लष्कराची ‘आकाशतीर’ या माहिती आणि नियंत्रणाच्या प्रणाली एकमेकींना जोडण्याचं काम त्यासाठीच आहे. एकाच दलातही घोळ होतो: डिसेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रावर अमेरिकी युद्धनौका ‘गेटिसबर्ग’ने स्वतःच्याच नौदलाचं एफ/ए-१८ पाडलं. त्यातले दोघंही वाचले.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने २६ नौदल रफालचा करार केला. त्यातली ४ दोन आसनी विमानं नौकेवर उतरू शकत नाहीत, ती जमिनीवरच्या प्रशिक्षणासाठी. हवाई दलाने ३६ रफाल आधीच घेतली आहेत, त्यामुळे बरेचसे सुटे भाग आणि तंत्रज्ञांचं शिक्षण सामायिक ठेवता येईल. नाकाचं मजबूत चाक आणि हुक मात्र नौदलाला वेगळेच सांभाळावे लागतील.