मराठे-पोर्तुगीज संबंध

सतराव्या-अठराव्या शतकांत कोकण किनाऱ्यावर मराठी राज्य आणि पोर्तुगीज सत्ता यांच्यात झालेला व्यापार, तह व लढाया. गोवा, चौल, वसई व दमण ही ठाणी पोर्तुगीजांकडे होती. भूभागाइतकाच तंटा जकातीचा आणि समुद्रावर हुकूम कोणाचा चालणार याचा होता.

पोर्तुगीजांचा हुकूम कार्ताझमधून चाले. हा परवाना नसलेले गलबत ते मालासकट जप्त करीत. पुढे मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे स्वतःचे दस्तक, म्हणजे परवाने, देऊ लागले. ते मान्य करणे म्हणजे समुद्राचा दुसरा धनी मान्य करणे! १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीजांनी मिळून आंग्र्यांच्या अलिबागजवळील कुलाबा किल्ल्यावर केलेली स्वारी फसली. १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले.

जकातीचा वापरही हत्यारासारखा होई. गोव्यातल्या पोर्तुगीज अमलाखालील बारदेशचे स्वस्त मीठ आल्याने संगमेश्वरचे मीठ पडून राहू नये, म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्यास लिहिले.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. वसईचा किल्ला मात्र अवघड होता: तीन बाजूंना पाणी, जमिनीवरून वाट फक्त उत्तरेकडून. चिमाजी अप्पांनी तिथल्या बुरुजांखाली सुरुंग खणले. सुरुंगांची वेळ साधणे कठीण. काही वेळेवर उडाले नाहीत आणि एक उशिरा उडून खिंडारात शिरलेले मराठेच त्यात सापडले. गोव्याहून कुमक निघू नये म्हणून व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यातल्या साष्टीत (ठाण्याजवळची साष्टी वेगळी) मुलूख अडवून धरला होता. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. शिबंदीला हत्यारांनिशी जाऊ देण्यात आले. १७४० च्या तहाने चौलही मराठ्यांकडे आले.

१७७९ च्या तहाने पेशव्यांनी दमणजवळच्या गावांचा सालीना १२,००० रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना तोडून दिला. हीच पुढची दादरा व नगर हवेली. दिला तो वसूल की सार्वभौम हक्क, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आला. १९६० च्या निकालानुसार मराठ्यांनी दिला तो केवळ महसुली हक्क, सरंजामासारखा. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले गेले ते नंतर, इंग्रजी अमलात.