मोठ्या तसबिरी टांगणे (खान्देश)

काच व चौकट असलेले मोठे चित्र किंवा छायाचित्र भिंतीवर पक्के बसवण्याच्या रीती आणि त्यासाठी लागणारे सामान. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात बोलताना ‘तसबीर’ कोणी फारसे म्हणत नाही. लक्ष्मीचा असो की चंदनी हार घातलेल्या आजोबांचा, तो ‘फोटो’च. 1894 मध्ये मुंबईत राजा रवि वर्मा यांचा शिळाछाप कारखाना सुरू झाला, तेव्हापासून देवादिकांची रंगीत चित्रे साध्या घरांतही पोचू लागली आणि भिंतीला खिळ्यांची गरज वाढली.

वजनाचा अंदाज बहुधा चुकतो, कारण चित्र कागदाचे असले तरी खरा भार काचेचा असतो. 1 चौरस मीटर काच जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे 2.5 किलो भरते. म्हणजे 3 × 4 फुटांच्या तसबिरीत 4 मिलिमीटरची काच घातली, तर नुसती काचच 11 किलोंची होते. अॅक्रिलिकची पत्री घेतल्यास हे वजन निम्म्यावर येते, पण तिच्यावर ओरखडे लवकर उठतात.

यानंतर प्रश्न भिंतीचा. खान्देशातील जुन्या धाब्याच्या घरांत छपराचा भार लाकडी खांब व सरांवर (आडव्या तुळयांवर) असतो आणि भिंती जाड मातीच्या. अशा भिंतीत ठोकलेला खिळा खाली दाबणारा भार बऱ्यापैकी पेलतो, पण बाहेर ओढला की मातीसकट निघतो. जुनी रीत या स्वभावाला धरूनच आहे. तसबिरीची खालची कड दोन जाड खिळ्यांवर किंवा लाकडी पट्टीवर टेकवायची, वरची बाजू दोरीने मागच्या खिळ्याला बांधायची आणि तसबीर पुढे झुकती ठेवायची. सगळे वजन खाली बसते, वरच्या खिळ्याला फक्त तोल सांभाळायचा असतो. या झुकावामुळे दाराच्या चौकटीहून उंच लावलेला फोटो जमिनीवर बसलेल्या माणसाला नीट दिसतो आणि समोरच्या दारातला उजेड काचेवर चमकत नाही. मागच्या तिरक्या पोकळीत चिमण्या घरटे करीत. हार काढताना डोक्यावर काड्या पडल्याची आठवण कित्येक घरांत निघते. मातीत खिळा ढिला झालाच, तर भोक आत रुंद व तोंडाशी अरुंद कोरून त्यात लाकडी गुल्ली सिमेंटने बसवतात आणि खिळा गुल्लीत ठोकतात. वाळवीचा उपद्रव असलेल्या घरात मात्र भिंतीचा नाद सोडून खांबालाच हूक मारणे शहाणपणाचे.

विटा-सिमेंटच्या भिंतीत काम सोपे झाले, ते प्लॅस्टिकच्या गिट्टीमुळे. आज सर्वत्र दिसणारी नायलॉनची गिट्टी जर्मन संशोधक आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये काढली. स्क्रू आत शिरताना गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट धरते. भोक मोठे पडले की ही पकड जाते, म्हणून गिट्टी 8 मिलिमीटरची तर ड्रिलचा बिटही 8 चाच हवा. गिलावा पोकळ वाजत असेल, तर गिट्टी त्याच्यापलीकडे विटेत गेली पाहिजे. काडीपेटीच्या काड्या कोंबून ढिली गिट्टी घट्ट करण्याचा उद्योग हलक्या घड्याळापुरता ठीक. 10 किलोंच्या तसबिरीला तो चालत नाही. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये, तिथून वायरिंगचा पाइप गेलेला असतो. डिस्टेंपर वा चुन्याच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीवर विसंबणेही चूकच: पट्टी रंगाला चिकटते, भिंतीला नाही.

मागची तार ताठ बांधली की काम नीटनेटके वाटते, पण तीच धोक्याची. 10 किलोंच्या तसबिरीची तार आडव्या रेषेशी 45 अंशांत असेल, तर तिच्या प्रत्येक बाजूवर सुमारे 7 किलोंचा ताण येतो. 15 अंशांत तोच 19 किलोंवर जातो आणि चौकटीच्या कड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. सुतळी तर काही पावसाळ्यांत कुजते. त्याऐवजी दोन कड्या थेट दोन हुकांत अडकवल्या, तर तसबीर दार आपटल्यावर तिरकी होत नाही. त्यासाठी मागच्या बाजूवर वर्तमानपत्र धरून कड्यांच्या जागी टोचे मारावेत, तोच कागद पाणसळीने भिंतीवर सरळ चिकटवावा आणि टोच्यांवरच भोके पाडावीत. फार जड चौकटीला 45 अंशांत चिरलेल्या दोन लाकडी पट्ट्या लावतात, एक भिंतीला व दुसरी चौकटीला. वरची खालचीत अडकून बसते. गवंड्यांपेक्षा हे सुतारांना चांगले जमते.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशची देवी घरात बसते. त्याआधी घर रंगवायचे म्हणून सगळे फोटो उतरतात आणि कोणता कुठे होता यावर वाद होतो. जाणते लोक उतरवतानाच मागे पेन्सिलीने आकडे घालतात आणि प्रत्येक गिट्टीत एकेक काडी खोचून ठेवतात, म्हणजे रंगारी भोकात पुट्टी भरत नाही.